झाडं लावा, पण आधी लीकेज काढा

संपादक साहेब, नमस्कार.

5 जूनचा पर्यावरण दिन आला की एमआयडीसीतल्या कंपन्यांचे वृक्षारोपणाचे फोटो पेपरात येतात, त्यावर लिहायचं होतं. झाडांना माझा विरोध नाही, लावा की, पण त्याच्यावर ‘कार्बन कमी केला’ असा बॅनर बघितला की आम्हा मेंटेनन्सवाल्यांना हसू येतं.

मी कोल्हापूर भागात फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, काम करतो. इथं कार्बन कुठून निघतो हे कळायला कन्सल्टंट नको, लाईट बिल बघा. इंडक्शन भट्टीत टनभर लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट जातात, आपली वीज अजून बरीचशी कोळशाची, युनिटमागे 700 ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरा, म्हणजे टनाला चारशे किलो नुसतं वितळवण्यातच गेलं. आणि त्या कास्टिंगला (ओतीव भागाला) ब्लोहोल, म्हणजे आत हवेचं भोक, निघाला की ते परत भट्टीत, परत तेवढीच वीज! म्हणजे रिजेक्शन कमी करणं हेच आमचं मोठं पर्यावरणाचं काम, पण ते क्वालिटीच्या मीटिंगमध्ये अडकलेलं असतं. भट्टीच्या झाकणाचं तर विचारूच नका, चार्जिंगला (भट्टीत माल टाकायला) अडचण होते म्हणून काढून कोपऱ्यात टेकवून ठेवलेलं, उष्णता मोकळी वर जाते.

मशिनींना कॉम्प्रेसरमधून येणाऱ्या दाबाच्या हवेचंही तेच. सुट्टीच्या दिवशी सगळ्या मशिनी बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा आणि शेडमधून एक चक्कर मारा, कपलिंगला, नळीला, ग्राइंडरच्या जॉइंटला नुसता सूंऽऽ आवाज. 7 बार दाबाला 3 एमएमचं एक भोक 3 किलोवॅटच्या आसपास वीज खातं, तेही काहीच काम न करता. पाना घेऊन तासाभरात होणारं काम, पण त्याचा फोटो निघत नाही ना.

सोलर बसवा, जरूर बसवा. फक्त एका किलोवॅटला शंभरेक चौरस फूट छप्पर लागतं, आमची एक भट्टीच कित्येकशे किलोवॅटची आणि ती रात्रपाळीलाही चालते, त्यामुळे आधी गळती काढा मग पॅनल मोजा, नाहीतर पॅनलची वीज पण भोकातूनच जाणार.

शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या बीआरएसआर या पर्यावरण-जबाबदारीच्या अहवालामुळे मोठ्या लिस्टेड कंपन्यांना विजेचे-कार्बनचे आकडे द्यावे लागतात, आता त्या आमच्यासारख्या सप्लायरलाही विचारायला लागल्यात. तुमच्या बातमीदारांनीही झाडांचा आकडा छापताना टनामागे युनिट गेल्या वर्षी किती होते आणि यंदा किती, एवढं विचारावं. कॉम्प्रेसरचं विचाराल तर बऱ्याच ठिकाणी त्याला वेगळा मीटरच नाही.

– एक मेंटेनन्सवाला, कोल्हापूर