व्हॅनचा ड्रायव्हर काय म्हणतो ते आधी ऐक

चि. सई हिला,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तू मेडिकल डायरेक्टर. पेसमधलं, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना घरीच ठेवून सांभाळणाऱ्या अमेरिकी योजनेतलं, डॉक्टरचं काम तुझ्या हातातलं आहे, खुर्ची तेवढी नवी. कौतुक फोनवर झालंच, त्यामुळे इथे फक्त कामाचं लिहिते.

आत्याला अजून वाटतं की तू वृद्धाश्रमात नोकरी धरलीस. तिला एवढंच सांग: १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउन भागात ऑन लोक नावाची संस्था निघाली. तिथल्या कुटुंबांना म्हातारी माणसं नर्सिंग होममध्ये (आपल्याकडचा छोटा दवाखाना नव्हे, कायमचं राहून शुश्रूषा घ्यायची जागा) ठेवायची नव्हती. मग दिवसाचं केंद्र, डॉक्टर, ने-आण करणारी व्हॅन आणि घरी येणारी मदत हे सगळं एकत्र बांधलं. १९९७ च्या कायद्याने तो प्रयोग मेडिकेअरचा, म्हणजे अमेरिकेतल्या वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, कायमचा भाग झाला, तोच पेस. वय ५५ किंवा त्याहून जास्त, नर्सिंग होममध्ये ठेवावं इतकी गरज असल्याचा राज्याचा दाखला, आणि तरीही माणूस घरी राहणारा. प्रत्येकामागे महिन्याला ठरलेली रक्कम येते. औषधं, हॉस्पिटल, कवळी, कानाचं यंत्र, वेळ आली तर नर्सिंग होमसुद्धा, सगळं त्यातूनच.

ही ठरलेली रक्कम दोन्हीकडून कापते, हे मात्र तुझ्यासाठी. न्हाणीघरातला धरायचा दांडा कोणाला न विचारता बसवता येतो, कारण मोडलेल्या खुब्यापुढे त्याची किंमत नगण्य. पण हात आखडता घ्यायचा महिना आला की कोणीतरी म्हणणारच, फिजिओथेरपी आठवड्यातून दोनदा कशाला, एकदा पुरे. तेव्हा एकच प्रश्न विचार: या माणसाच्या तब्येतीत असं काय बदललं? उत्तर नसेल तर कपात नाही. कुणी सेवा मागितली की टीमने तीन दिवसांत निर्णय द्यायचा असतो आणि नकाराचं कारण लेखी द्यावं लागतं. ते कारण वैद्यकीय भाषेत, तुला स्वतःला पटेल असं असू दे.

आता सकाळची मीटिंग. नियमाने टीममध्ये अकरा भूमिका आहेत आणि त्यात ड्रायव्हरची जागा आहे. ती दिखाव्याची नाही. दारापासून व्हॅनपर्यंत आजी गेल्या आठवड्यात एका मिनिटात येत होत्या, आज तीन मिनिटं लागली, मध्ये कठड्याला धरून थांबल्या. दाराशी तीन दिवसांची वर्तमानपत्रं पडलेली. पायात दोन वेगळ्या चपला. हे ड्रायव्हर बघतो, तू कधीच बघणार नाहीस. हार्ट फेल्युअर बळावतंय की डिलिरियम (अचानक येणारा गोंधळ) सुरू होतोय, याची पहिली खूण बहुतेक वेळा तिथेच असते. बिघडतं ते असं: डॉक्टर आधी बोलतो, हॉस्पिटलमध्ये कोण कोण आहे याची यादी वाचली जाते, वीस मिनिटं संपतात आणि ड्रायव्हर व घरी जाणारी बाई नुसती मान डोलावतात. उलटा क्रम लाव. आधी ड्रायव्हर आणि घरची मदतनीस, मग थेरपिस्ट, नर्स, सोशल वर्कर, शेवटी तू. प्रश्नही नेमका हवा. ‘काही विशेष?’ विचारलं की ‘नाही’ हेच येतं. ‘कालच्यापेक्षा वेगळं कोण दिसलं?’ असं विचार.

रात्रीचा कॉल ही दुसरी गळकी जागा. ऑन-कॉल नर्सला त्या माणसाचं ‘नेहमीचं’ माहीत नसतं, मग ती ९११ (तातडीने ॲम्ब्युलन्स बोलावायचा नंबर) सांगून मोकळी होते. तिला दोष देऊ नकोस. प्रत्येकासाठी एक पान तयार करून घे: नेहमीचं बीपी, ऑक्सिजन, वजन, पायावरची सूज; चालतात कसे; तारीख-वार सांगता येतो का; घरात कोण, किल्ली कोणाकडे; हॉस्पिटलात जायचंय की नाही. हार्ट फेल्युअरवाल्यांच्या पानावर हेही लिही, की एका दिवसात दोन-तीन पौंड किंवा आठवड्यात पाच पौंड वजन वाढलं तर लघवीच्या गोळीचा जादा डोस किती. हे आधी लिहिलेलं असेल तर शनिवारी रात्री गोळी मिळते. नसेल तर ॲम्ब्युलन्स येते.

औषधांवर तुझा सगळ्यात जास्त वेळ जायला हवा, आणि तोही मुख्यतः बंद करण्यावर. नव्या माणसाच्या घरी नर्सला पाठव आणि सगळ्या बाटल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतायला सांग. संगणकातल्या यादीवर विश्वास ठेवू नकोस. नाडी मंद करणाऱ्या मेटोप्रोलॉलचे दोन प्रकार, टार्ट्रेट एका डॉक्टरचं, सक्सिनेट दुसऱ्याचं, दोन्ही बाटल्या अर्ध्या रिकाम्या आणि नाडी ४६. झोपेची म्हणून दुकानातून आणलेली डायफेनहायड्रामीन यादीत कधीच नसते.

मग साखळ्या शोध, म्हणजे एका गोळीच्या त्रासासाठी लावलेली दुसरी गोळी. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपीनने पाय सुजतात, सुजेसाठी लघवीची गोळी फ्युरोसेमाइड येतं, त्याने रात्री चारदा उठावं लागतं, त्यावर लघवी आवरणारं ऑक्सिब्युटिनिन, त्याने गोंधळ आणि बद्धकोष्ठ. चार तक्रारी, पण मूळ पहिल्या गोळीत. वरची दोन औषधं कापत बसण्यापेक्षा तिला हात घाल.

मूत्रपिंडाचं काम कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन बघतात, ते बघून फसू नकोस. वय ८५, वजन ४५ किलो, बाई, क्रिएटिनिन १.०. लॅब म्हणते नॉर्मल. मूत्रपिंड किती काम करतं ते सांगणारं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र मांड: १४० वजा ८५, गुणिले ४५, भागिले ७२, गुणिले ०.८५. उत्तर २९ च्या आसपास. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं; अंगावर मांसच नसेल तर ते वाढणार कुठून? त्या बाईला मूत्रपिंडातून बाहेर पडणारं गॅबापेंटिन ३०० तीनदा चालू असेल तर तिची गुंगी आणि झोकांड्या म्हातारपणाच्या नव्हेत.

एका वेळी एकच औषध काढ, नाहीतर काय कशाने झालं ते कळत नाही. वर्षानुवर्षांची झोपेची गोळी लोराझेपाम झटक्यात बंद करायची नाही. दर दोन आठवड्यांनी डोस चतुर्थांशाने कमी कर, शेवटी त्याच्याही निम्म्याने. झोप उडाली तर त्याच पायरीवर थांब. मधुमेहात ए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) सातच्या खाली आणायचा हट्ट या वयात सोडून दे. आठच्या आसपास चालतो. साखर उतरून पहाटे पडणं परवडत नाही.

वजन दर महिन्याला, त्याच काट्यावर. सहा महिन्यांत शंभराला पाच उतरलं की जागी हो. लगेच पौष्टिक शेकचे डबे सुरू होतात, ते थांबव. आधी कवळी सैल झाली का बघ, मग स्मृतीसाठीचं डोनेपेझिल आणि मधुमेहाचं मेटफॉर्मिन बघ, दोन्ही भूक मारतात. आणि ‘जेवण कसं आहे?’ विचारू नकोस. आपल्याकडच्या आजी तर हमखास ‘छान, काही त्रास नाही’ म्हणतात. ‘काल दुपारी काय खाल्लंत?’ असं विचार. चहा-बिस्किट निघतं.

गोंधळलेली बाई म्हणजे लघवीचं इन्फेक्शन, हे समीकरण तुझ्या केंद्रातून हद्दपार कर. नर्सिंग होममधल्या दर शंभर बायकांमध्ये पंचवीस ते पन्नास जणींच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडतात. लघवीत तपासणीची स्ट्रिप बुडवली की ती रंगते, अँटिबायोटिक सुरू होतं, खरं कारण तसंच राहतं. वर सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनला भिडतं, रक्तस्राव होऊ शकतो. जळजळ, ताप, वारंवार लघवी यांतलं काही नसेल तर स्ट्रिप बुडवायचीच नाही, असा नियम काढ. त्याऐवजी महिने उलटे म्हणायला लाव, डिसेंबरपासून. शाळा झालेली नसेल तर वार उलटे. मध्येच हरवल्या आणि हे कालपरवापासूनचं असेल तर डिलिरियम धर. मग मूत्राशय तुंबलंय का ते स्कॅनरने बघ, शौचाचे खडे अडलेत का ते बोटाने तपास, आठवड्यातलं नवं औषध शोध, ऑक्सिजन, दुखणं, आणि चष्मा कुठे आहे ते विचार. बोटाने तपासायचा सगळे कंटाळा करतात. उत्तर मात्र पुष्कळदा तिथेच असतं.

पडण्याबद्दल थोडक्यात. केंद्रात बीपी बसून घेतात, ते निरुपयोगी. पाच मिनिटं आडवं, मग उभं राहून एका आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर कारण औषधांतच शोध, प्रोस्टेटसाठी देतात त्या टॅम्सुलोसिनपासून सुरुवात कर. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर थेरपिस्टकडे.

हॉस्पिटलमधून सुटलेल्याच्या घरी ४८ तासांत कोणीतरी जाऊन दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. तिथे भ्रमासाठी लावलेलं क्वेटियापीन आणि आयसीयूतलं ॲसिडिटीचं पँटोप्रॅझोल कोणी बंद करत नाही. उलट पार्किन्सन्सची गोळी निसटलेली असते, किंवा तिच्या वेळा हॉस्पिटलच्या सोयीने बदललेल्या असतात.

शेवटच्या काळातल्या इच्छांचा पोल्स्ट फॉर्म फाइलमध्ये कुजू देऊ नकोस. पॅरामेडिक फाइल उघडत नाहीत, फ्रिजचं दार बघतात. तिथेच चिकटव, आणि मुलगा दूर राहत असेल तर त्याच्याशी आधी बोलून ठेव.

तुझी,
आई

ता. क. : मेमरी टेस्ट घेण्याआधी कानात बघ. मळ भरलेला असतो, नाहीतर यंत्राची बॅटरी संपलेली असते. खिशात एक आवाज मोठा करणारं साधं यंत्र ठेव, हेडफोनसकट. कानाला लावलं की पुष्कळांची ‘स्मृती’ सुधारते.