दुपारी बागेला कुलूप का?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला बागांवरचा लेख वाचला. हिरवळीत चालल्यानं रक्तदाब आटोक्यात राहतो, मन शांत होतं, शेजारपाजारच्या ओळखी वाढतात, हे सगळं मला मान्य आहे. आमच्या यजमानांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा डॉक्टरांनी औषधांच्या चिठ्ठीवरच 'रोज चालणे' असं लिहून दिलं होतं, आणि ते चालणं आमच्या कोपऱ्यावरच्या बागेतच झालं. त्या बागेचे उपकार मी विसरणार नाही. पण बाग उघडी कधी असते याबद्दल तुमच्या पानभर लेखात एक ओळ नाही, आणि काल वाचल्यापासून तेच डोक्यात बसलं आहे. आमची बाग सकाळी दहाला बंद होते ती संध्याकाळी पाचला उघडते. ऐन उन्हाळ्यात सावलीची खरी गरज असते त्या वेळात फाटकाला साखळी आणि कुलूप.

एप्रिलमधली गोष्ट सांगते. आमच्या भागात पोळ्या, धुणीभांडी करणाऱ्या बायका सकाळची कामं उरकून बाराच्या सुमारास मोकळ्या होतात. संध्याकाळची कामं चारनंतर. मधल्या वेळात घरी जाऊन यायचं तर दोन बस बदलाव्या लागतात, भाड्यातच कमाई जाते. म्हणून त्या बागेच्या फाटकाबाहेर फुटपाथवर बसतात. आतल्या करंजाची एक फांदी कुंपणावरून बाहेर आली आहे, तेवढीच त्यांच्या वाट्याची सावली. ऊन सरकेल तशा याही पिशव्या उचलून सरकतात. डब्यात भाकरी, ठेचा, कधी कुणाच्या घरून मिळालेली सकाळची भाजी. पाठीला गज टोचतात म्हणून ओढणी नाहीतर पदर घडी करून मागे ठेवतात. गजांच्या पलीकडे वडाखालचे सगळे बाक रिकामे.

त्यातल्या एका मावशींना त्या दुपारी घेरी आली. त्या माझ्याकडे पोळ्या करतात, म्हणून सोबतच्या बाईनं धावत येऊन मला बोलावलं. मी वॉचमनला म्हटलं, दादा, दहा मिनिटं फाटक उघडा, यांना बाकावर जरा आडवं होऊ दे. तो लगेच उठून आला, स्वतःची पाण्याची बाटली गजांतून पुढे केली. कुलूप मात्र उघडलं नाही. 'काकू, माझी नोकरी जाईल,' म्हणाला. त्याला मी दोष देत नाही, तो कंत्राटावरचा माणूस. आम्ही दोघींनी मावशींना धरून आमच्या इमारतीच्या जिन्यात आणलं, तळमजल्यावरच्या गार फरशीवर निजवलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. अर्ध्या तासात त्या उठल्या आणि पुढच्या कामाला निघाल्या. खाडा झाला की पैसे कापतात. मी थांबा म्हणत राहिले, पण माझं ऐकून त्यांचं भागणार नव्हतं.

उद्यान खात्याला मी लेखी अर्ज दिला. 'देखभाल व सुरक्षिततेच्या कारणास्तव' एवढं उत्तर आलं. समक्ष भेटल्यावर खरं कारण सांगितलं गेलं: दुपारी कॉलेजची जोडपी येऊन बसतात, गर्दुल्ले येतात, रहिवासी तक्रार करतात. जोडपी बसली तर बसू देत की! या शहरात दोन घटका बोलायला त्यांना दुसरी जागा कुठे आहे? आणि गर्दुल्ले ओसाड जागा शोधतात. चार बायका डबा खात आहेत, पोरं स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसली आहेत, म्हातारी माणसं पेपर वाचताहेत, अशा जागी त्यांचं जमत नाही. वर्दळ हीच राखण असते. माझं माहेर दादरचं. शिवाजी पार्क 1925 साली लोकांसाठी खुलं झालं, तेव्हापासून किती पिढ्या त्या कट्ट्यावर बसल्या. भर दुपारीही तिथे झाडाखाली कुणी ना कुणी टेकलेलं असतं. दादरकरांचं त्यानं काय वाईट झालं?

तुमच्या लेखात परदेशी संशोधनाचे दाखले आहेत, म्हणून मीही एक देते. 1984 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. नुसती झाडं दिसण्यानं एवढा फरक पडत असेल, तर झाडाखाली बसू देणं हा औषधोपचारच आहे. झाड पानांतून पाण्याची वाफ सोडत असतं, म्हणून त्याच्याखालची हवा पत्र्याच्या शेडखालच्या हवेपेक्षा गार लागते. आमच्या बसथांब्याच्या पत्र्याखाली मे महिन्यात पाच मिनिटं उभं राहवत नाही. ऊन माणूस मारतं हे आपण खारघरला पाहिलं आहे, एप्रिल 2023 मध्ये तिथे उघड्या मैदानातल्या कार्यक्रमानंतर 14 जण दगावले. अहमदाबादनं 2010 च्या उष्णतेच्या लाटेतून धडा घेऊन 2013 मध्येच उष्णता कृती आराखडा केला. आमच्याकडे उन्हाळा आला की 'दुपारी 12 ते 4 सावलीत राहा' असे फलक लागतात. त्यातला एक फलक याच बागेच्या बंद फाटकावर बांधलेला आहे!

केंद्र सरकारच्या 2014 च्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांत माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलं आहे. आपल्या दाटीच्या शहरांत त्याच्या जवळपासही जाता येत नाही. नवी जमीन आणायची कुठून, हा प्रश्न मला कळतो. पण आहे ती जमीन दिवसातले सात तास कुलपात ठेवायची हे कळत नाही. एक कुलूप काढायला ना निविदा लागते, ना निधी.

आणि आता लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते. बागेतलं महिलांचं स्वच्छतागृह बाग उघडी असतानाही बंद असतं. किल्ली वॉचमनकडे. साठीच्या बाईनं दर वेळी तरुण मुलाकडे जाऊन किल्ली मागायची? माझ्या दोन मैत्रिणींनी याच कारणानं सकाळचं फिरणं सोडलं. मधुमेह असलेल्या बाईला चालायला सांगताना याचा विचार कुणी करत नाही, आणि तुमच्या लेखिकाबाईंनीही केलेला नाही.

माझी विनंती एवढीच की शहरातल्या सगळ्या बागांच्या वेळा तुम्ही छापा आणि आयुक्तांना विचारा की या वेळा कुणाच्या सोयीनं ठरवल्या. एखाद्या वार्ताहराला दुपारी दीडला आमच्या बागेशी पाठवा, पत्ता मी कळवते. फाटकाचा, कुलपाचा, रिकाम्या बाकांचा फोटो जरूर छापा. त्या बायकांचे फोटो मात्र त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका. कामाच्या घरी कळलं तर बोलणी त्यांनाच खावी लागतात.

आपली,
एक नियमित वाचक