अंदालुसियातल्या अनोळखी माणसांचे आभार

स्पेनच्या दक्षिणेला, पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा हा ३६ किलोमीटरचा ‘व्हिया व्हेर्दे दे ला सिएर्रा’ हा मार्ग आम्ही दोघांनी सायकलवर केला. गाड्यांना मज्जाव. १९२०च्या दशकात इथे रेल्वेचं काम सुरू झालं, पण गाडी कधी धावलीच नाही. त्याच रेल्वेवाटेवर आता हा मार्ग आहे. म्हणून डोंगराळ मुलूख असूनही चढ सौम्य, अन् वाटेत ३० बोगदे.

पहिले आभार वाटेतल्या कोरिपे गावाच्या अलीकडे भेटलेल्या आजोबांचे. हिच्या मागच्या चाकात काटा घुसला होता. आमच्याकडची ट्यूबही गळकी निघाली. आजोबांनी आपली सायकल आडवी टाकली, टायरच्या आतून बोट फिरवत फिरवत काट्याचं तुटकं टोक शोधलं, नखाने उपसलं आणि मगच स्वतःकडची नवी ट्यूब बसवली. पैसे पुढे केले तर चक्क रागावले! भाषेची अडचण होती, पण ओरडा बरोबर कळला.

कोरिपे स्टेशनवर बाटल्यांत बर्फ भरून देणाऱ्या ताई, तुमचेही आभार. ते ऊन आमच्या विदर्भाच्या तोडीचं होतं.

झाफ्रामागोनच्या कड्यावरची गिधाडं स्वतःच्या दुर्बिणीतून दाखवणारं जोडपं, आणि लांबलचक बोगद्यात आमचा दिवा मिणमिणायला लागल्यावर मागे राहून उजेड धरणारी ती मुलगी, यांची नावं विचारायची राहिली.

आणि ज्यांनी हे बोगदे खणले, त्या मजुरांना तर त्यातून जाणारी गाडी कधी दिसलीच नाही. त्यांना मनापासून नमस्कार.