चालू लाइटवर काम करायला सांगू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की गिरगाव-लालबागच्या जुन्या इमारतींतून आम्हा वायरमनना बोलावणी येतात. मीटररूममधला स्विच जळालेला असतो, एखादा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच, सारखा पडत असतो. काम दाखवून झाले की सेक्रेटरी हमखास म्हणतात, "लाइट तेवढी घालवू नका, पंप चालू आहे." या एका वाक्यापायी आमच्या धंद्यातली माणसे जिवाला मुकतात, म्हणून हे पत्र.

जुना लोखंडी मेन स्विच बंद केला, तरी मीटरकडून येणाऱ्या वायरी जिथे त्याला जोडलेल्या असतात तिथे २३० व्होल्ट तसेच राहतात. दोन फेजमध्ये, म्हणजे करंट आणणाऱ्या दोन वायरींत, तर ४०० च्या घरात. ती बाजू बंद करायची तर मीटरच्या आधीचा कटआउट, म्हणजे वीज कंपनीचा फ्यूज, काढावा लागतो आणि तो काढणे वीज कंपनीच्या माणसाचे काम. त्याची वेळ घेण्याइतका धीर कोणाला नसतो.

पूर्वी न्यूट्रललाही, म्हणजे करंटच्या परतीच्या वायरीलाही, चिनीमातीचा किटकॅट फ्यूज बसवत. तो उडाला की दिवे विझतात, पण फेज चालूच असतो. विझलेला दिवा बघून हात घालणारा तिथेच सापडतो. आता त्याच बोर्डात इन्व्हर्टरची वायर आलेली असते, मेन बंद केला तरी तिच्यात करंट असतो. आणि रबराच्या जुन्या वायरींचे वेष्टण तर बोट लागताच भुगा होऊन गळते.

मी काढलेला फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवतो, म्हणजे दुसरा कोणी बसवणार नाही. नुसत्या टेस्टरवर विसंबत नाही. टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला बल्ब, आधी चालू जागी पेटवून बघतो, मग कामाच्या जागी न्यूट्रलशी आणि अर्थिंगशीही लावून बघतो, पुन्हा चालू जागी पेटवतो. मधेच बल्ब गेला असेल तर ते कळलेच पाहिजे.

"१६ अँपिअरचा एमसीबी पडतो, ३२ चा टाका," हाही नेहमीचा आग्रह. दीड एमएमच्या बारीक वायरीवर ३२ चा टाकला तर वायर भिंतीत जळेल, एमसीबी पडणार नाही. मी तो टाकत नाही, मग काम दुसऱ्याला जाते.

सोसायट्यांना विनंती आहे: आदल्या दिवशी नोटीस लावा, टाकी भरून ठेवा, लिफ्ट बंद राहील हे सांगा. वायरमनचा परवाना बघा, आणि तो "लाइट बंद करूनच करीन" म्हणाला तर त्याला काम द्या.

आपला,
एक परवानाधारक वायरमन, लालबाग, मुंबई