नववीतल्या पोरानं वाचनालयात बसायचं कुठं?

संपादक साहेब, नमस्कार.

मी सांगलीत विश्रामबागला राहते. मे महिन्यात इथल्या एका वाचनालयात लहान मुलांचं सुट्टीतलं शिबिर होतं, दहा दिवस, रोज सकाळी दोन तास, गोष्टी, गाणी, चित्रं असं. तिसरीतल्या मुलीला घातलं आणि ने-आण करायला तिचा नववीतला दादा. पहिल्या दिवशी तो पण हौसेनं आत बसायला गेला तर सांगितलं की हे 12 वर्षांपर्यंतच्यांसाठी आहे, मोठ्यांनी बाहेर थांबा. मग म्हटलं वर अभ्यासिकेत बस, तर तिथं सगळी एमपीएससी आणि पोलीस भरतीची मुलं, जरा खुर्ची सरकली तरी माना वळतात, त्यांचंही बरोबरच आहे. मग हा दोन तास पायरीवर मोबाईल बघत बसायचा. आणि आपणच म्हणतो हल्लीची पोरं वाचत नाहीत.

नवव्या दिवशी गोष्ट सांगणाऱ्या ताईंना यायला उशीर झाला, आत पोरांचा नुसता कालवा, तेव्हा तिथल्या काकांनी पायरीवरनं यालाच हाक मारली आणि एक पुस्तक हातात देऊन म्हणाले जरा मोठ्यानं वाचून दाखव. घरी आल्यावर मुलगी सांगत होती, आई दादानं राक्षसाचा आवाज काढला, सगळी गप्प बसली. रात्री जेवताना तोच विचारतोय, परत कधी असतंय शिबिर?

मला काय उत्तर द्यावं कळेना. 13 ते 17 या वयाला वाचनालयात जागाच नाही हो. छोट्यांना बालविभाग, परीक्षेवाल्यांना अभ्यासिका, आजोबा मंडळींना पेपरचं टेबल, आणि ज्या वयात पोरगं हातातनं सुटतं नेमकं ते वय मोकळं सोडलंय. त्यात पुस्तकं कुलूपबंद कपाटात, नाव सांगा मग काढून देतो, पण त्या वयात कुठल्या पोराला पुस्तकाचं नाव माहिती असतं? त्याला चाळायचं असतं. भारतात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या रंगनाथन यांनी 1931 सालीच लिहून ठेवलंय की पुस्तकं वापरासाठी आहेत. आम्ही भिलारला गेलो होतो, पाचगणीजवळ 2017 पासून पुस्तकांचं गाव केलंय ते, तिथं घराघरात पुस्तकं अशी हाताला येतील तशी मांडलीत, हाच पोरगा किल्ल्यांची पुस्तकं घेऊन बसला तो जेवायला उठेना.

माझं म्हणणं एवढंच आहे की आठवड्यातली एक संध्याकाळ या पोरांना द्या. रविवारी ठेवा, कारण बाकीचे दिवस शाळा आणि क्लासमध्येच जातात. दोन कपाटं उघडी ठेवा. 2019 च्या महापुरात वाचनालयांत पाणी शिरलं, पुस्तकांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, तर आता नवीन खरेदी करताना थोडी पुस्तकं या मुलांना विचारून घ्या, चित्रकथा मागितल्या तरी घ्या, त्यात काय बिघडतंय. आणि नाटकाचं वाचन करू द्या त्यांना. विष्णुदास भाव्यांनी 1843 ला पहिलं मराठी नाटक केलं ते याच सांगलीत, नाट्यपंढरी म्हणवतो आपण गावाला, मग पाच-सहा पोरांनी गोल बसून एकेक पात्र वाटून घेऊन वाचायला कितीसा खर्च येतो? सतरंजी आणि पंखा. लहानांच्या शिबिरात पण गोष्टी वाचायला हीच मोठी पोरं घ्या, छोट्यांना ताई-दादा लई आवडतात.

वाचनालयातल्या लोकांना मी दोष देत नाही, दोन माणसांवर सगळा कारभार आणि पगार किती ते मला माहितीय, म्हणून नुसती मागणी करून थांबत नाही. रविवारी संध्याकाळी कुलूप उघडायला, सतरंजी घालायला आणि शेवटी पुस्तकं जागेवर लावायला मी येईन, माझ्या ओळखीतल्या अजून दोघी तयार आहेत. दिवाळीच्या सुट्टीपासून सुरू करूया. कुठल्याही वाचनालयानं हो म्हणावं, आम्ही येतो.

एक आई, विश्रामबाग, सांगली