कोऱ्या पत्राचे नाटक आणि आपण प्रेक्षक

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात साताऱ्यात एका हौशी नाट्यसंस्थेने युद्ध आणि ईश्वर या विषयावरील असंगत (ॲब्सर्ड, म्हणजे नेहमीचे कथानक आणि तर्कसंगती टाळणाऱ्या) नाटकाचा प्रयोग केला. त्याला प्रेक्षकांनी जो प्रतिसाद दिला, त्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. नाटकात शत्रुसैन्यांतील दोन शिपाई एकाच खंदकात अडकतात, दोघेही एकाच देवाचा धावा करतात, आणि अधूनमधून एक पोस्टमन येऊन देवाचे पत्र त्यांच्या हाती ठेवतो. ते पत्र दरवेळी कोरे असते. कथानक म्हणावे असे एवढेच.

सुरुवातीला प्रेक्षागृह मनमोकळे हसत होते आणि त्यात गैर काहीच नव्हते, कारण प्रसंगच तसे बेतलेले होते. मात्र दुसरे पत्र उघडल्यावर दोघे शिपाई बराच वेळ निःशब्द बसून राहतात, त्या प्रवेशात मागच्या रांगांतून ‘पुढं चला’ अशा आरोळ्या उठल्या, नटांना हिणवण्यासाठी टाळ्या वाजल्या आणि काही कुटुंबे उठून गेली. प्रयोगानंतर काहींनी दिग्दर्शकाला गाठून ‘याचा अर्थ काय’ असा जाब विचारला, तर काहींनी देवाची टिंगल केल्याचा आरोप केला. नाटक न आवडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, परंतु हा आरोप मला मान्य नाही.

महाभारताच्या स्त्रीपर्वात रणांगणावर आपल्या पुत्रांची प्रेते पाहिल्यावर गांधारी प्रत्यक्ष श्रीकृष्णाला विचारते, की हा संहार थांबवण्याचे सामर्थ्य असूनही तू उपेक्षा का केलीस, आणि ती त्याला शाप देते. श्रीकृष्ण तो शाप स्वीकारतो. युद्धानंतर देवाला जाब विचारण्याची रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे. तुकोबांनी तर ‘माझे लेखी देव मेला’ असे म्हटले, तरी त्यांच्या अभंगांवाचून आपली वारी पुढे सरकत नाही. मग खंदकातल्या एका भेदरलेल्या पोराने कोरे पत्र आकाशाकडे धरून ‘लिहिता तरी येतं का तुला?’ असे विचारले, तर आपली श्रद्धा का दुखावावी? ज्याचा देवावर विश्वासच नाही, तो त्याच्या पत्राची वाट कशाला पाहील?

राहिला अर्थाचा प्रश्न. नाटककार सॅम्युएल बेकेटचे ‘वेटिंग फॉर गोदो’ हे, कधीच न येणाऱ्या गोदोची वाट पाहणाऱ्या दोघांचे असंगत नाटक ५ जानेवारी १९५३ रोजी पॅरिसमध्ये प्रथम रंगभूमीवर आले, तेव्हा तिथलेही अनेक प्रेक्षक गोंधळले होते. तेच नाटक १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन तुरुंगात सुमारे चौदाशे कैद्यांसमोर झाले आणि कैद्यांना ते भिडले. वाट पाहणे म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

आपल्या जिल्ह्यालाही ते समजावून सांगावे लागू नये. ज्या अपशिंगे गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि ज्याच्या नावाला आजही ‘मिलिटरी’ हा शब्द जोडलेला आहे, ते गाव याच जिल्ह्यात आहे. त्या दिवशी माझ्या शेजारी १९७१ च्या युद्धात लढलेले एक वयोवृद्ध सुभेदार बसले होते. आरडाओरडा सुरू असताना ते हलले नाहीत. नंतर पायऱ्या उतरताना मी त्यांचा हात धरला, तेव्हा ते इतकेच म्हणाले, “पत्र कोरं असलं तरी घरच्यांनी ते फेकलं नसतं, बाळ. पाकिटावर नाव तर होतं ना.” त्या संपूर्ण सायंकाळी मला ऐकू आलेली नाटकाची सर्वांत नेमकी समीक्षा हीच होती.

या प्रतिसादामुळे संस्थेने पुढील प्रयोग रद्द करण्याचे ठरवले असल्याचे कळते. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे, की त्यांनी तसे करू नये आणि पुढचा प्रयोग सैनिकांच्या एखाद्या गावात, शाळेच्या पटांगणावर करावा. सुभेदारांना तिथे घेऊन येण्याची जबाबदारी माझी.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक, सातारा