वाळवंटी डोंगरवाटांच्या लेखात ऋतू आणि वेळही छापावी

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या वृत्तपत्राच्या पर्यटन पुरवणीत परदेशातील शहरांलगतच्या डोंगरवाटांची ओळख करून देणारे लेख अधूनमधून येतात आणि मी ते आवडीने वाचते. वाट किती लांब, माथा किती उंच, सूर्यास्त कुठून चांगला दिसतो, गाडी कुठे लावावी, हे सारे त्यांत असते. मात्र वाळवंटातील डोंगरावर कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी पाऊल ठेवावे, हा खरे तर पहिल्या परिच्छेदात यावा असा मजकूर बहुधा गाळलेला असतो किंवा ‘टोपी आणि पाणी सोबत ठेवावे’ एवढ्या वाक्यात उरकलेला असतो. मी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहरात राहते. शहराच्या दक्षिणेला आडव्या पसरलेल्या साऊथ माउंटनच्या धारेवर मी हिवाळ्यात नेमाने चालायला जाते आणि उन्हाळ्यात तिच्याकडे खालूनच पाहते. त्या डोंगराच्या आधारे हा मुद्दा सविस्तर मांडावा, म्हणून हे पत्र.

हा डोंगर शहराच्याच मालकीचा आहे. १९२४ मध्ये फिनिक्सने केंद्र सरकारकडून सुमारे १३,००० एकर जमीन १७,००० डॉलरना विकत घेतली आणि आज हे राखीव क्षेत्र १६,००० एकरांहून मोठे आहे. नॅशनल ट्रेल नावाची मुख्य पायवाट पूर्वेकडील पिमा कॅन्यनमधून वर चढते आणि बराचसा भाग धारेधारेने कापत पश्चिम टोकापर्यंत जाते. एकूण अंतर साधारण १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर. उंची मात्र फार नाही. डोंगराचा सर्वोच्च भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटरवर आहे आणि शहर स्वतःच ३३० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे प्रत्यक्ष चढ पाचशे मीटरही भरत नाही. सह्याद्रीत वाढलेल्या, पावसाळ्यात किल्ले चढलेल्या माणसाला हे आकडे किरकोळ वाटतात आणि ते तसे वाटणे स्वाभाविकच आहे. पण वाळवंटातील धार मीटरांत मोजता येत नाही. ती अंगावर किती तास ऊन राहणार आणि पाठीवर किती पाणी आहे, या दोन गोष्टींतच मोजावी लागते.

शहर जवळ असणे हीच तिथली सर्वांत मोठी फसवणूक आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. धारेवर उभे राहिले की उत्तरेला फिनिक्सचे काटकोनात आखलेले रस्ते, विमानतळावर उतरणारी विमाने, शहराच्या मध्यभागातील उंच इमारती असे सगळे स्पष्ट दिसत राहते. दक्षिणेच्या पायथ्यालाही घरांच्या ओळी, त्यांच्या अंगणातले पोहण्याचे निळे तलाव दिसतात. एवढी वस्ती डोळ्यांसमोर असताना आपण संकटात सापडू शकतो, हे मनाला पटतच नाही. प्रत्यक्षात धारेवर पाण्याचा एक थेंबही नसतो. झाडे आहेत, पण सावली देणारी नाहीत. पालो व्हर्देची पाने अगदी बारीक, आणि सवारो निवडुंगाच्या खांबाची सावली दुपारी त्याच्या बुंध्याशीच गोळा झालेली. मधल्या वाटेवरून परत फिरायचे म्हटले, तरी आलो तेवढेच अंतर पुन्हा उन्हात चालावे लागते. थकलेला माणूस खाली दिसणाऱ्या रस्त्याकडे बघून पायवाट सोडतो आणि सरळ उतरू लागतो, तेव्हा तर प्रकरण जास्तच गंभीर होते, कारण त्या उतारावर घसारा आहे, वरून न दिसणारे कातळटप्पे आहेत आणि हात टेकावा तिथे काटेरी निवडुंग आहेत. शोधायला येणारी माणसेही आधी पायवाटेवरच शोधतात.

आता उन्हाविषयी. दमट हवेत वाढलेल्या माणसाचे शरीर त्याला घामाने इशारा देते. सदरा ओला झाला, कपाळावरून धार लागली की तो थांबतो, पाणी पितो. वाळवंटाच्या कोरड्या हवेत घाम आल्याबरोबर उडून जातो. सदरा कोरडाच राहतो, त्वचेवर फक्त मिठाचे पांढरे डाग उरतात आणि आपल्याला फारसा घाम आला नाही अशी समजूत होते. चढावर तासाला एक लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी शरीरातून गेलेले असते. शिवाय धारेवरचा खडक गडद रंगाचा असून सकाळपासून तापलेला असतो. वरून ऊन आणि खालून खडकाची धग असा दुहेरी मारा होतो. हवामान खाते जे तापमान सांगते ते सावलीतले असते, हेही वाचकांना एकदा स्पष्टपणे सांगायला हवे.

फिनिक्सच्या उन्हाळ्याचे आकडे सार्वजनिक आहेत. २०२३ मध्ये ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक होते. २०२४ मध्ये सलग ११३ दिवस ते १०० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून अधिक राहिले. ‘आम्ही पहाटे निघू’ असे म्हणणाऱ्यांनी आणखी एक आकडा ध्यानात ठेवावा: १९ जुलै २०२३ रोजी फिनिक्समधील किमान तापमान ३६ अंश सेल्सिअस होते. शहर ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे, तिथे त्या एका वर्षात उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. त्यांतले बहुतेक डोंगर चढणारे नव्हते. बेघर माणसे, घरात थंड हवेची सोय नसलेले वृद्ध यांचाच त्यांत मोठा वाटा होता, आणि ते दुःख वेगळ्या पत्राचा विषय आहे. पण ज्या हवेत माणसे शहराच्या सपाटीवर दगावतात, त्याच हवेत हौसेने चढ चढायला जाण्याचा अर्थ त्यावरून कळावा.

२०२१ च्या उन्हाळ्यात कॅमलबॅक या शहराच्या मध्यातील डोंगरावरून लोकांना सोडवून आणताना अग्निशमन दलाचे जवानच उष्णतेने आजारी पडले. त्यानंतर तीव्र उष्णतेचा इशारा असलेल्या दिवशी कॅमलबॅक आणि पायेस्टेवा पीक येथील वाटा दिवसाच्या तापलेल्या तासांत बंद ठेवण्याचा निर्णय शहराने घेतला आणि पुढे साऊथ माउंटनवरील काही वाटांचाही त्यात समावेश झाला. या बंदीविषयी नाराजी व्यक्त करणारे लोक इथेही आहेत आणि आपल्या मंडळींतही आहेत. स्वतःच्या जबाबदारीवर जाणाऱ्याला अडवू नये, असे त्यांचे म्हणणे असते. मला ते मान्य नाही. कोसळलेल्या माणसाला उचलायला जे येतात, ते जड सामान घेऊन त्याच उन्हात तोच चढ चढतात, तेव्हा जबाबदारी एकट्याची राहिलेली नसते. याच शहरात तापमान १०० फॅरनहाइटला पोहोचले की पायवाटांवर कुत्रे नेण्यास मनाई आहे, आणि तो नियम २०१६ पासून लोकांनी विनातक्रार स्वीकारला आहे. मुक्या जनावराविषयी जी समज सहज पटते, ती माणसाविषयीही पटायला हरकत नसावी.

मला विशेष काळजी वाटते ती भारतातून मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांची, सासू-सासऱ्यांची आणि सुटीत येणाऱ्या भाचरांची. भारतातल्या शाळांची सुटी आणि इथला कडक उन्हाळा हे हमखास जुळून येतात. पाहुण्यांना घरात किती बसवून ठेवायचे, म्हणून शनिवारी त्यांना ‘जवळच्याच डोंगरावर’ नेण्याचा बेत ठरतो. नव्या हवेतल्या उष्णतेला शरीर सरावायला एक ते दोन आठवडे लागतात. विमानातून उतरून चार दिवस झालेल्या माणसाचे शरीर त्यासाठी तयार नसते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जाते आणि उन्हाचा त्रास लवकर होतो. त्यात आपल्याकडचे वडीलधारे ‘मला झेपत नाही’ असे सहसा म्हणत नाहीत. मुलाचा उत्साह मोडू नये म्हणून ते मुकाट्याने चालत राहतात. म्हणून त्यांना विचारून भागत नाही, त्यांच्याकडे बघत राहावे लागते. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे, उगाच चिडचिड होणे, भर उन्हात अंगावर काटा येणे, ही मागे फिरण्याची लक्षणे आहेत. बोलणे असंबद्ध झाले किंवा तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा, ९११ या इथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा आणि मदत येईपर्यंत त्या माणसाला मिळेल त्या आडोशाला नेऊन अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहावे. वडीलधाऱ्यांना धार दाखवायचीच असेल तर डॉबिन्स लुकआउटपर्यंत मोटारीचा रस्ता जातो. तिथे १९३० च्या दशकात सरकारी रोजगार योजनेतील तरुणांनी बांधलेला दगडी निवारा आहे आणि तिथून दिसणारे दृश्य चालून आलेल्यांना दिसते तेच आहे.

पाण्याबाबत माझा नियम साधा आहे: बरोबरचे निम्मे पाणी संपले की जिथे असू तिथून परत फिरायचे, माथा समोर दिसत असला तरीही. नुसते पाणीच पीत राहिल्यास रक्तातले मीठ कमी होऊन त्याचाही त्रास होतो, म्हणून खारे काहीतरी खाणे आवश्यक असते. आणि एक बारीक दातांचा कंगवा खिशात असावा. चोया नावाच्या निवडुंगाचे लिंबाएवढे तुकडे नुसता स्पर्श झाला तरी तुटून पोटरीला चिकटतात. ते हाताने ओढू गेल्यास बोटांत रुततात, कारण त्यांच्या काट्यांना मागे वळलेली सूक्ष्म कुसळे असतात. कंगवा तुकडा आणि कातडी यांच्या मधे सरकवून झटका दिला की तो एकदम निघून दूर उडतो. उडण्याच्या दिशेला कुणी उभे नाही ना, एवढे आधी पाहावे.

हे सारे वाचून कुणी या डोंगराकडे पाठ फिरवावी, असा माझा हेतू मुळीच नाही. नोव्हेंबर ते मार्च या काळात, जेव्हा दुपारची हवाही सुखद असते, तेव्हा या धारेसारखी चाल मला दुसरीकडे क्वचितच मिळाली आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये उतारांवर ब्रिटलबुशची पिवळी फुले येतात, ओकोतियोच्या काटेरी छड्यांच्या टोकांना लाल तुरे फुटतात. खडकांच्या भेगांतून चकवाला नावाची जाडजूड पाल ऊन खायला बाहेर येते आणि चाहूल लागताच भेगेत शिरून अंग फुगवून घट्ट बसते. सवारोला पहिली फांदी फुटायलाच पन्नास ते पंचाहत्तर वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. त्यामुळे पाच-सहा फांद्यांचा सवारो दिसला की तो शहराने हा डोंगर विकत घेण्याआधीपासून उभा असणार, असे खुशाल समजावे. खालच्या घळींमध्ये, प्राचीन काळी इथे राहणाऱ्या होहोकाम लोकांनी कोरलेली चित्रे आहेत. खडकावर लोह आणि मँगनीजचा काळसर थर जमलेला असतो, तो दगडाने टोचून काढला की आतला फिकट खडक उघडा पडतो आणि त्या फिकट ठिपक्यांतून माणसे, हरणे, नागमोडी वळसे उमटलेले दिसतात. बोटांचे तेल लागून तो थर बिघडतो, म्हणून ही चित्रे डोळ्यांनीच पाहावीत. अकिमेल ओओधम या इथल्या आदिवासी लोकांसाठी हा डोंगर पवित्र आहे. त्यांच्या समुदायाचा विरोध असतानाही डोंगराच्या पश्चिमेकडील सोंडा फोडून महामार्ग काढला गेला आणि २०१९ अखेर तो सुरू झाला. पश्चिम टोकाला गेल्यावर ती खोदाई दिसते, तेव्हा मला दर वेळी वाईट वाटते.

तेव्हा माझी विनंती अशी. वाळवंटातील कोणत्याही डोंगरवाटेची माहिती छापताना तिच्या लांबी-उंचीच्या बरोबरीने त्याच चौकटीत चार गोष्टी द्याव्यात: जाण्यायोग्य महिने, किती वाजेपर्यंत खाली परतलेले असावे ती वेळ, माणशी किती लिटर पाणी न्यावे तो आकडा, आणि वाटेत कुठे पाणी मिळते वा मिळत नाही याचा स्पष्ट उल्लेख. वाट बंद ठेवण्याचे नियम स्थानिक प्रशासन दरवर्षी बदलू शकते, म्हणून निघण्याआधी ते तपासावेत, अशी एक ओळही असावी. लेखकाने स्वतः जानेवारीत जाऊन आल्यावर लिहिलेला लेख मे महिन्यात प्रसिद्ध होत असेल, तर तो कोणत्या महिन्यातला अनुभव आहे हे शीर्षकाखालीच नमूद करावे, कारण सुटीचे बेत आखणारा वाचक तो लेख मे महिन्यातच वाचणार आहे.

कळावे,
आपली एक वाचक,
फिनिक्स, ॲरिझोना